डांबरीपर्यंत

जॅकनं जीप उचलली नाही, जीपनंच जॅक गाडला.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली दुपार. शिरड शहापूरच्या शिवारात हळदीच्या दोन रानांमधून जाणारी पाणंद. वर ऊन, खाली रात्रीच्या पावसानं मऊ झालेली काळी. मागचं डावं चाक बसलं होतं आणि टायरात बाभळीचा काटा होता. काम तसं साधं: जॅक लावायचा, चाक काढायचं, स्टेपनी चढवायची. मी दांडी फिरवत राहिलो, पण जीप काही वर येईना. वाकून पाहिलं तर जॅक निवांत जमिनीत चालला होता.

हत्यारांची माझ्याकडं कमी नव्हती. मागच्या सीटखाली ८२ नगांची चकचकीत प्लास्टिकची पेटी होती, शहरातल्या एका प्रदर्शनात घेतलेली. घड्याळ उघडता येईल असे पेचकस तिच्यात होते. फूटभर लाकडाची फळी मात्र नव्हती.

ती घेऊन आले शेजारच्या आखाड्यावरचे एक मामा. आधी जॅककडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“जॅक कशावर लावायचा हे जॅकवाल्यानं सांगितलं नाही व्हय?”

त्यांनी फावड्यानं वरचा चिखल ओढून काढला, घट्ट मातीवर फळी टाकली आणि तिच्यावर जॅक ठेवला. दहा मिनिटांत चाक बदललं. चिखलानं भरून वाकलेला मडफ्लॅप टायरला घासत होता, तो मी बारा-तेराच्या पान्यानं सोडवला. ८२ नगांतलं त्या दिवशी कामी आलेलं हत्यार ते एवढंच. फळी परत द्यायला गेलो तर मामा म्हणाले, “राहू द्या गाडीत. पुढं बी अशीच काळी आहे.” आणि हसून पुढं बोलले, “अडकल्याचं वाईट वाटून घेऊ नका. इथं देव बी थांबलाय.”

मामा म्हणत होते ते गावातल्या मल्लिनाथांबद्दल. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातलं, औंढा ते वसमत रस्त्यावरचं गाव. इथलं मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर अतिशय क्षेत्र मानलं जातं. मूर्ती मूळची नांदेडजवळच्या अर्धापूरची. ती कारंज्याकडं नेत असताना इथं मुक्काम पडला, आणि सकाळी मूर्ती इतकी जड झाली की जागची हलेना, अशी कथा भाविक सांगतात. म्हणून तिची स्थापना इथंच झाली.

माझ्या थांबण्यात काही पुण्याई नव्हती, अडाणीपणा होता. शिवारात जाणाऱ्या गाडीत नेमकं काय असावं, हा प्रश्न मला त्या चिखलात पहिल्यांदा पडला. त्याचं उत्तर शोधत वर्ष गेलं.

*

आधी जमीन समजून घ्यायला हवी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही काळी तयार झाली. तिच्यातली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची. पाणी मिळालं की ती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. पावसात तिला गाडीचा भार सोसत नाही. ती टायरच्या नक्षीत भरते आणि घटकाभरात टायर माठासारखा गुळगुळीत होतो. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की आत पडलेली वस्तू हात घालूनही निघत नाही. वरची माती भेगांत पडते, खालची पावसात फुगून वर येते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असं मृदाशास्त्रज्ञही सांगतात.

डोंगरात, वाळवंटात गाडी नेणाऱ्यांसाठी लिहिलेल्या याद्या भरपूर मिळतात. त्यातलं निम्मं सामान इथं निरुपयोगी, आणि इथं लागतं ते त्यांच्यात नसतं. यादी गाडीवरून करायची तशी जमिनीवरूनही करावी लागते.

*

त्याच संध्याकाळी पंक्चर काढायला मी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडं थांबलो. पत्र्याचं शेड, दारात दोन ट्रॅक्टर, एक मोटारसायकल उघडी पडलेली. माझी पेटी बघून मिस्त्रीनं पोतं अंथरलं आणि ती सगळी त्यावर पालथी केली.

“आता एकेक उचला, आणि गाडीत कुठं लागतंय ते मला दावा.”

मी पाने घेऊन जीपभोवती फिरू लागलो. जे हत्यार एखाद्या नटाला बसलं ते उजवीकडं, जे कुठंच बसलं नाही ते डावीकडं. अंधार पडेपर्यंत डावीकडं ढीग झाला आणि उजवीकडं अकरा नग उरले.

“बारा-तेराचा कुठं आहे? इथं तर दिसत नाही.”

तो पाणंदीतच राहिला होता.

“म्हणजे कामाचा होता तेवढाच टाकून आलात,” मिस्त्री म्हणाला. मग चहा मागवला आणि एक वाक्य बोलला. वर्षभर जे जे समजलं ते सगळं मला त्या वाक्यातच पुन्हा सापडत गेलं:

“मालक, शिवारात गाडी दुरुस्त करायची नसती. डांबरीपर्यंत आणायची असती.”

रानात केलेली दुरुस्ती टिकाऊ नसली तरी चालते, सुबक नसली तरी चालते. ती फक्त डांबरी रस्त्यापर्यंत पुरली पाहिजे. पुढं मिस्त्री आहे, दुकान आहे, टेम्पो आहे. माझी ८२ नगांची पेटी गॅरेजची नक्कल होती, आणि गॅरेज चाकावर घालून नेता येत नाही.

*

बैलगाडीला हे फार आधीपासून ठाऊक होतं. तिच्या आखाला वंगणाचा नळा टांगलेला असायचा. एरंडेलाचं वंगण आटलं की चाक ओरडून सांगायचं. आखाच्या टोकाला कुणी, म्हणजे चाक निसटू नये म्हणून घातलेली खीळ. ती पडली तर बाभळीची खुंटी तासून बसवायची आणि घर गाठायचं. जादा कासरा असायचाच.

उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आक्रसलं की वरची लोखंडी धाव सैल व्हायची. तिचा खरा इलाज लोहाराकडं: धाव लालभडक तापवायची, चाकावर चढवायची आणि पाणी मारून आवळून घ्यायची. वाटेत मात्र गाडीवान एवढंच करायचा की चाकं ओढ्याच्या पाण्यात उभी करायची. लाकूड फुगायचं, धाव धरायची आणि गाडी गावात यायची. लोहाराचं काम लोहाराकडं, वाटेचं काम वाटेवर.

मोटार आली तेव्हा तिच्याजवळ हे शहाणपण नव्हतं. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकही नसे. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी मोडल्या चाकाला तात्पुरतं जोडायचं सुटं चाक काढलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. इंग्रज ते नाव विसरले, पण आपल्याकडं हिंगोलीच्या पोराच्याही तोंडी ते आहे. ते पहिलं चाकही गाव गाठण्यापुरतंच होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या अंगावर बाहेरच्या बाजूला फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी बांधलेली असे. जीप रुतणार, हे ती बनवणाऱ्यांनीच धरून ठेवलं होतं. १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली आणि तिची पिल्लावळ पुढं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पसरली. शहरी गाड्यांच्या अंगावरून फावडं तेवढं गेलं.

*

आता पिशवीत काय असावं ते. हे माझ्या जुन्या डिझेल जीपचं गणित आहे, तुमच्या गाडीचं वेगळं निघेल. मिस्त्रीची कसोटी मात्र सगळ्यांना लागू पडते: हत्यार आधी घरी नटाला लावून बघायचं.

पाने. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस. दुकानात गेलात की डबल पाने याच जोड्यांत मिळतात. बारा आणि तेरा मात्र दोन-दोन हवेत, एक उघडा आणि एक रिंग. कारण बोल्ट फिरवताना पलीकडचा नट धरावा लागतो, आणि हे रानातच आठवतं. जुन्या जीपवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. महिंद्राच्या ५४० मध्ये फ्रेंच प्यूजोचं डिझेल इंजिन होतं, ते मिलिमीटरच्या मापाचं. खालचा सांगाडा मात्र विलीजच्या वंशाचा, इंचाच्या मापाचा. एकाच गाडीत दोन मापं. तिथं चौदाचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाच्या कडा खाऊन टाकतो.

पक्कड, दोन पेचकस, ग्रिप प्लायर, हातोडी. स्क्रू पाना एक असावा, पण भरवसा ग्रिप प्लायरवर ठेवावा. कडा गेलेला नट तोच सोडवतो. हत्यार स्वस्त घेऊ नये. नाशिकच्या टपारियासारखा घडीव पोलादाचा साधा पाना नातवापर्यंत जातो, चकचकीत पाना पहिल्याच गंजलेल्या नटावर तोंड फाकतो.

चाक. जॅक, फळी, व्हील पाना आणि त्याच्या दांडीत अडकेल असा हातभर लोखंडी पाइप. दुकानात मशीननं आवळलेले नट हातानं सुटत नाहीत, पाइप लावला की सुटतात. ट्यूबलेस टायर असेल तर रबरी पट्ट्यांचं पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप. गाडीत पंक्चर किट असेल आणि टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणाही असेल, तर प्रवासी गाडीला स्टेपनीशिवाय चालेल, अशी मुभा केंद्रानं २०२० मध्ये दिली. शहरात ते ठीक आहे. पाणंदीत तुराटीचं टोक टायरच्या कुशीत घुसतं, आणि कुशीच्या चिरेला पट्टी धरत नाही. शिवारात जाणाऱ्यानं स्टेपनी सोडू नये.

वीज. गाडी बंद पडली की माणूस इंजिनाकडं धावतो. दोष बहुतेक वेळा बॅटरीच्या टोकाशी निघतो. ढिलं झालेलं टर्मिनल दहाच्या पान्यानं आवळलं की गाडी सुरू. फ्यूज, हातभर वायर, चिकटपट्टी आणि टेस्ट लॅंप. हा लॅंप म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. वीज कुठपर्यंत येते आणि कुठं थांबते, ते तो दाखवतो.

डिझेल. जुन्या इंजिनानं हवा घेतली तर फीड पंप मारून, ब्लीडिंगचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं. हे मिस्त्रीसमोर एकदा करून बघावं, मग जन्मभर येतं. नव्या कॉमन-रेल इंजिनाला मात्र ही विद्या लावू नये. त्या नळ्यांत हजार बारहून जास्त दाब असतो, तिथं पाना लावणं म्हणजे हाताला जखम करून घेणं. नव्या गाडीत निम्मी हत्यारं कमी लागतात, कारण निम्म्या गोष्टींना हात लावायचाच नसतो.

आणि पाणी. गळक्या रेडिएटरला इथं घरचं औषध आहे, हळद. जुन्या ट्रकवाल्यांची ही युक्ती: चिमूटभर नव्हे, मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची. पूड छिद्राशी जाऊन फुगते आणि बारीक गळती थांबते. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या शिवारात हे औषध बांधाबांधावर आहे. मिस्त्रीला विचारलं तर तो हसला. “डांबरीपर्यंत चालती. मग माझ्याकडं या, साफ करायला डबल पैसे घेतो.” नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्या हळदीनं तुंबतात. फाटलेल्या होजला सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. टाकी ठिबकत असेल तर कपडे धुण्याचा साबण चोळायचा, हाताशी असेल तर एम-सील. एक नियम कधीच मोडू नये: तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. घाई झालेल्यांच्या तोंडावर उकळतं पाणी उडालेलं मिस्त्रीनं पाहिलं आहे.

उरलं ते सटरफटर, पण तेच जास्त वापरलं जातं: बांधायची तार, सुतळी, जुनी ट्यूब, कपाळाला लावायची बॅटरी, जुनी बंडी. मोटारसायकलवाल्यांची पिशवी अजून लहान: प्लगचा पाना, चेनचं लॉक, क्लच केबल. आणि एक काठी, मडगार्डमध्ये दाटलेला चिखल काढायला. काळीत मोटारसायकल बिघडून थांबत नाही, चिखल दाटून थांबते.

*

बिघडलेल्या गाडीला हत्यार लागतं. रुतलेल्या गाडीला हत्याराआधी डोकं लागतं.

चाक फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे दिसताच पाय उचलावा. त्यानंतर दाबलेला ॲक्सिलरेटर म्हणजे फावडं. तो गाडीसाठी खड्डा खणतो. उतरायचं, चाकाच्या पुढचा आणि मागचा चिखल काढायचा. टायरमधली हवा तीस पौंडांवरून अठरा-वीसपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि जमिनीला जास्त धरतो. डांबरीला लागल्यावर ती पुन्हा भरायची, म्हणून तो पंप. चाकाखाली पऱ्हाट्या, तुराट्या टाकायच्या. बाभळीच्या फांद्या नाहीत. एक अडचण सोडवताना चार पंक्चर विकत घेणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांतला एक मीच.

१९२० आणि ३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारी नेणाऱ्या राल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज अधिकाऱ्यानं नेमकं हेच केलं. टायरमधली हवा कमी करायची आणि चाकाखाली पोलादी पट्ट्या टाकायच्या. त्या पट्ट्या त्याला कैरोच्या भंगारात मिळाल्या होत्या. आज त्याच कल्पनेच्या रंगीत प्लास्टिकच्या फळ्या भारी किमतीला मिळतात. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये गाड्यांना विंच असतात आणि चिखलात उतरून दोर बांधणारा जोडीदार असतो. आपल्याकडं विंच म्हणजे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर आला की जिवाचा धोका वाढतो. साखळी किंवा सोल ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच लावायची. वर बांधली तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलथतो. ताणलेल्या साखळीच्या मधोमध ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटली तरी ती जमिनीवर आपटते, माणसावर येत नाही. बघ्यांना साखळीच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करायचं. सगळ्यात अवघड काम तेच.

*

रुतायचंच का, रस्ता का नाही, असं शहरातला मित्र विचारतो. कागदावर रस्ते आहेत. बांधावरून वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रोजगार हमीची सांगड घालून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. जिथं खडी पडली तिथं चार महिने बंद राहणारी वाट उघडी झाली. जिथं दोन भावांचा फूटभर बांधावरून वाद आहे तिथं तहसीलदाराची तारीख पडते आणि जून उजाडतो.

हे ओझं हौशी जीपवाल्याचं नाही. तो रविवारी येतो, रुततो, फोटो काढतो आणि जातो. कळा लागलेली सून, दुधाच्या कॅन, काढणीचं सोयाबीन याच वाटेनं येतं. त्यांची हत्यारांची पिशवी शिवारभर पसरलेली आहे: एकाकडं साखळी, दुसऱ्याकडं पहार, तिसऱ्याकडं ट्रॅक्टर. कोणाकडं काय आहे हे तोंडपाठ असणं, हेही त्या पिशवीतलंच एक हत्यार.

*

माझी पिशवी आता ताडपत्रीची आहे. गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतली, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. गुंडाळली की वाजत नाही, उलगडली की काय नाही ते लगेच दिसतं. जॅक आणि लोखंडी पाइप खाली तळाशी पट्ट्यानं बांधलेले असतात. गाडी कलंडली तर सुटं लोखंड गोळ्यासारखं उडतं.

वर्षातून एकदा ती पूर्ण रिकामी करायची, हे मिस्त्रीकडून शिकलो. त्याला तारीख आठवणीत ठेवावी लागत नाही, खंडेनवमी असते. त्या दिवशी त्याच्या शेडमधलं प्रत्येक हत्यार डिझेलनं धुतलं जातं, पुसलं जातं, तेलाचा हात फिरवून पोत्यावर ओळीनं मांडलं जातं. मग झेंडू, हळदी-कुंकू. तोंड फाकलेला पाना त्या दिवशी बाजूला निघतो, गंज त्या दिवशी दिसतो, हरवलेलं त्या दिवशी कळतं. पूजा आणि तपासणी एकाच पोत्यावर होते.

गेल्या चैत्रात मामांचा फोन आला.

“मालक, तुमचा पाना घावला. बारा-तेराचा. चाकोरीत उघडा पडला व्हता.”

“अरे वा. येतो मग न्यायला.”

“या की. पण पाना राहू द्या इथंच. परवा ट्रॅक्टरवाल्याला लागला, काल दूधवाल्याला.”

मी नवा घेतला. या खंडेनवमीला ताडपत्री अंगणात उलगडली, पाने धुऊन ओळीनं लावले आणि शेवटी फळी ठेवली. तिला झेंडू वाहताना मुलीनं विचारलं, लाकडाची कसली पूजा? मामांच्या आखाड्यावरही त्याच सकाळी विळे, खुरपी, कुऱ्हाड मांडली गेली असणार, आणि त्यांच्या शेजारी एका पान्याला कुंकू लागलं असणार.